बिनश्रीचं कार्ड

हिंगोलीच्या मोंढ्यात माणसाला नाव पडायचं ते त्याच्या खोडीवरून. तातेरावाला सगळे तारबाबू म्हणायचे. तारेच्या कचेरीत त्यानं पाऊल ठेवलं असेल ते फक्त सेठची तार द्यायला, पण तो लिहायचा आणि बोलायचा तारेसारखं, म्हणून तारबाबू. रूपचंद सेठच्या अडतीत तो पत्रं लिहायचा आणि मी रोकड सांभाळायचो. एकच बैठक, एकच तक्क्या, त्याला दोघांची पाठ, अशी आम्ही उमेदीची वर्षं काढली. त्यामुळं त्याच्याबद्दल लोक जे बोलतात ना, की नशीब, प्रारब्ध, सटवाईचा लेख, ते माझ्यासमोर बोलू नये. मला राग येतो. सटवाईनं काही ते कार्ड लिहिलं नव्हतं.

तातेराव कळमनुरीकडचा, शेतकऱ्याचा पोरगा. पंतोजीकडं मोडी शिकला आणि अडतीत लागला तो वजनाच्या चिठ्ठ्या लिहायला. पत्रं तेव्हा एक म्हातारे दिवाणजी लिहीत. त्यांचा मायना म्हणजे नमनालाच घडाभर तेल. वर श्री काढायचा, मग राजमान्य राजश्री, मग अखंडित लक्ष्मी अलंकृत, मग दंडवत, मग तिकडच्या लेकराबाळांची खुशाली आणि इकडच्या पिकापाण्याची हकिकत. कामाची गोष्ट यायची ती कार्ड संपताना, कडेला, आडवी. एकदा अकोल्याच्या दलालाला कळवायचं होतं की सध्या बारदान पाठवू नका, ठेवायला जागा नाही. ते नेमकं वाक्य गेलं कडेला आणि त्यावर बसला पोस्टाचा शिक्का. दलालानं मायना वाचला, खूश झाला आणि रेल्वेची वाघीण भरून बारदान धाडलं. पुढं कितीतरी दिवस आम्ही बारदानावर बसून जेवलो आणि बारदानावरच झोपलो.

सेठ दिवाणजींवर तापला होता. तेवढ्यात चिठ्ठ्या लिहिणारा तातेराव कोपऱ्यातून म्हणाला, "सेठ, कामाची गोष्ट वर लिवा. रामराम खाली ऱ्हाऊ द्या. जागा उरली तर."

ही बत्तीस सालची गोष्ट. दिवाणजी थकलेच होते, त्यांनी आनंदानं दौत-टाक पुढं सरकवली आणि तातेराव पत्रं लिहायला बसला.

त्याची रीत साधी होती. एका कार्डात एकच काम. काय पाहिजे ते पहिल्या ओळीत. वार आणि माणसाचं नाव सोडायचं नाही. आणि कारण द्यायचं नाही. "कारण दिलं की समोरचा वाद घालतो," तो म्हणायचा. "कारण इचारलं तर दुसरं कार्ड." सुरुवातीला लोकांना ते उद्धट वाटायचं. पण कामं होत गेली तसा उद्धटपणा पचला. तांड्यावरच्या थावराच्या भाड्याच्या गाड्या एका जिनिंगच्या दारात अडकून पडल्या होत्या, कोणी माल उतरवून घेईना. थावरा रडकुंडीला येऊन आमच्या पायरीवर बसला. तातेरावानं लिहिलं, "थावराच्या गाड्या आपल्या दारात उभ्या आहेत. बैल उपाशी आहेत. आज माल उतरून घ्यावा, नाहीतर घेत नाही असे लिहून द्यावे." संध्याकाळी गाड्या रिकाम्या. तेव्हापासून अडलेली माणसं बाजार करून झाला की आमच्या पायरीवर यायची, तारबाबूच्या हातचं कार्ड न्यायला. सेठचीही ना नव्हती. त्याच्याच कार्डावर लिहून दिलं तर दुकानाचं नाव फिरतं, असा त्याचा हिशेब.

घरीही हा गडी तसाच. मंजुळाबाई, त्याची बायको, मोठी हसरी बाई. मी जेवायला गेलो की नवऱ्याची नक्कल करून दाखवायची. "भाजीत मीठ कमी आहे. उद्या बराबर घालावे. कळावे." मग तोंडाला पदर लावून हसायची. तातेरावही हसायचा, पण एकच शब्द बोलायचा. "खरं हाय."

त्याचं लिहिणं बघून सेठनं एक हौस केली. पोस्टाची कोरी कार्डं गठ्ठ्यानं घेऊन ती छापून आणली. वर मधोमध ठसठशीत श्री, त्याखाली दुकानाचं नाव, त्याखाली 'सप्रेम जयगोपाल'. म्हणजे देवाचं आणि माणुसकीचं जे काही लिहायचं ते छापखान्यानं आधीच लिहून ठेवलेलं. तातेरावाच्या हाताला उरला निव्वळ मजकूर. तो इतका खूश झाला की कार्ड नाकाशी धरून शाईचा वास घेत बसला. पुढं दिवसाला पाच, दहा, हंगामात वीस कार्डं तो लिहायचा. टाक शाईत, टाक कार्डावर आणि पहिलाच शब्द कामाचा. अशी नऊ-दहा वर्षं गेली.

त्याला एकच लेकरू, सिंधू. साखऱ्याच्या ज्ञानबाच्या घरात दिली होती. ज्ञानबा कोरडवाहू शेतकरी, पण मनाचा मोठा. पटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, पळणारी एक बैलजोडी पोटच्या पोरासारखी सांभाळायचा. जावई भुजंग गरीब स्वभावाचा. सिंधूला तिथं बोल लावणारं कोणी नव्हतं. पण तिची कूस दोनदा भरली आणि दोन्ही खेपेला पाचव्या महिन्याच्या आतच रिकामी झाली. लढाईच्या दिवसांत तिसऱ्यांदा दिवस गेले आणि या खेपेला पाचवा गेला, सहावा गेला. मंजुळाबाईनं कळमनुरीच्या जाणत्या सुईणीला विचारलं. ती म्हणाली, सातव्यात हळूच माहेरी आणा, आठव्यात हलवू नका, आणि आणल्यावर तिला उठू देऊ नका. या खेपेला पोर पदरात पडलं तर पडलं, नाहीतर पुन्हा आशा नको.

मंजुळाबाईनं त्या दिवसापासून एकच ध्यास घेतला. गाडीच्या हिसक्यानं पोरीला धक्का बसू नये म्हणून ती गादी शिवायला बसली. दमणीच्या, म्हणजे छपराच्या गाडीच्या, तळाला कडबा, कडब्यावर गादी, वर गोधडी. कापूस मी सेठला सांगून चांगल्यातला दिला. तातेरावाच्या भावाची दमणी ठरली, बैल म्हातारे आणि सावकाश चालणारे मुद्दाम बघितले. शुक्रवारी जायचं ठरलं.

एरवी साखऱ्याला निरोप जायचा तो गाडीवानाच्या तोंडी. पण मागं एकदा गाडीवान निरोपच विसरला होता. तातेराव म्हणाला, "तोंडचा निरोप सांडतो. लिवलेलं सांडत न्हाई." त्यानं पोस्टातून एक कोरं कार्ड विकत आणलं. मी म्हणालो, "अरे, हे काय समोर गठ्ठा पडलाय." तर म्हणाला, "घरचं काम सेठच्या कार्डावर काहून? आपलं आपल्या कार्डावर."

असा प्रामाणिक माणूस. त्याच्या प्रामाणिकपणाला मी आजही शिव्या घालतो.

माझ्यासमोरच लिहिलं त्यानं ते कार्ड. नेहमीसारखं, मान न उचलता. मी काही त्यात डोकावलो नाही, माझ्या हातात रोकड होती.

कार्ड साखऱ्याला पोचलं. पुढची हकिकत मला भुजंगनं नंतर सांगितली, ती अशी. डाकवाल्यानं ते ज्ञानबाच्या हातात दिलं. ज्ञानबाला अक्षर येत नव्हतं, पण श्री ओळखता येत होता. तो कोणाला येत नाही? चौकटीवर असतो, लग्नपत्रिकेवर असतो, धान्याच्या कणगीवरही बायका कुंकवानं काढतात. आपल्याकडं कागदाचं तोंड श्रीनं होतं. श्री नसतो तो एकाच कागदावर, मरणाच्या. ज्ञानबानं कार्डाचं वरचं अंग बघितलं. कोरं. उलटून पत्त्याच्या वर बघितलं. कोरं. त्यानं ते घरात नेलं नाही. असलं कार्ड उंबरा ओलांडत नाही. गोठ्याच्या वळचणीला खोचलं आणि पटवाऱ्याला बोलावून आणलं.

पटवाऱ्यानं वाचलं. "सिंधूस नेण्यास शुक्रवारी गाडी येत आहे. तयार ठेवावे. विलंब करू नये. तातेराव."

"बस?" ज्ञानबानं विचारलं.

"बस. मायना न्हाई. खुशाली न्हाई. विहीणबाईचं नाव सुदिक न्हाई."

आपल्यात लेकीला आईचं मरण कोणी सरळ लिहीत नाही. नेण्यास येतो, उशीर करू नका, एवढंच लिहितात. मरण ऐकणाऱ्यानं ओळखायचं असतं. मंजुळाबाईला दिवाळीत ताप येऊन गेल्याचं साखऱ्याला माहीत होतं. आता ते दोघं आणखी काय ओळखणार होते? तातेरावानं आयुष्यात इतकं स्वच्छ पत्र कधी लिहिलं नसेल आणि त्याचा इतका पक्का अर्थ कोणी कधी लावला नसेल.

रीतीप्रमाणं ज्ञानबानं कार्ड तिथंच फाडून टाकलं. मग भुजंगला म्हणाला, "शुक्रवारपर्यंत काय ठिवून राहिले का मातीला? पोरीला तोंड तरी दिसू दे. आपली पटाची बैलं जुंप."

प्रेमापोटी म्हणाला हो तो. वाईट माणूस असता तर आठवडाभर बसून राहिला असता, आणि सगळं नीट झालं असतं.

सिंधूला सांगितलं, आई जरा आजारी आहे. पण सासूच्या डोळ्याला पदर लागलेला, शेजारणी दारात गोळा झालेल्या. पोरगी काय समजायचं ते समजली. सकाळी छकड्यात बसली ती पोटाला दोन्ही हातांनी धरून. छकडा म्हणजे हलकी, उघडी गाडी, पटात पळवायची. खाली नुसतं पोतं. माघाचे दिवस, काळ्या मातीत गाडीच्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या झालेल्या. भुजंग बैल आवरत होता, पण त्या बैलांना पळण्यावाचून दुसरं काही शिकवलेलंच नव्हतं.

नरसीच्या वेशीजवळ तिला कळा सुरू झाल्या. रस्त्याकडेच्या दुकानातली एक बाई धावत आली. म्हणाली, "बाई, इथंच उतर. माझ्या घरात निज. पुढं जाऊ नको." भुजंगनं कासरा ओढला. पण सिंधू उतरायला तयार होईना. "मले आईचं तोंड पाहू द्या. हाका गाडी, तुमाला माझी आन हाय."

मी त्या दिवशी तातेरावाच्या घरी कापसाचं आणखी एक गाठोडं द्यायला गेलो होतो. मंजुळाबाई अंगणात गादीला शेवटचे टाके घालत बसली होती. छकडा दारात थांबला. भुजंगनं सिंधूला धरून खाली उतरवलं. तिनं अंगणात बघितलं आणि ती जागच्या जागी उभी राहिली.

"आई, तू हायेस?"

मंजुळाबाई सुई हातात घेऊन उठली. "मी कुठं जाऊ बाई?"

सिंधू हसली. खरंच हसली. ते हसू मला विसरता येत नाही, मी पुष्कळ प्रयत्न केला. मग तिनं गादीकडं बघितलं आणि तिच्यावर जाऊन आडवी झाली.

पोरगा झाला. रडला नाही. सिंधू दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होती. रक्त थांबेना. सुईण आली ती वरातीमागून घोडं आल्यासारखी, आणि दारातच बसून राहिली.

तातेरावानं जावयाला एवढंच विचारलं, "कार्डात काय चुकलं?"

भुजंग खाली मान घालून म्हणाला, "मामा, कार्डावर श्री नव्हता."

"कसा नसंल? हात जातोच की. लिवला असंल मी." तो हेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. कार्ड असतं तर बघता आलं असतं. ते तर साखऱ्याच्या गोठ्यात फाडून टाकलेलं.

दिवस झाल्यावर तो अडतीत आला तो कोरं कार्ड घेऊनच. माझ्यासमोर बसला. म्हणाला, "संतराम, बघ. मी काही मनात आणत न्हाई. नुसतं लिवतो." टाक शाईत बुडवला आणि कार्डावर टेकवला. हात सरळ मजकुरावर गेला. "रुईच्या गाठी सोमवारी." एवढं लिहून त्यानं टाक उचलला. कार्डाचं वरचं अंग कोरं होतं. दोघांनीही ते बघितलं. मी उठून पाणी आणायला गेलो. परत आलो तेव्हा तो तसाच बसलेला होता आणि शाई वाळून गेली होती.

त्यानंतरचा तातेराव वेगळा. छापील कार्डावरही तो आपल्या हातानं श्री काढू लागला, छापलेल्या श्रीच्या खाली दुसरा. मग मायना. मायना रोज वाढत गेला. दलालांच्या लेकराबाळांची खुशाली, त्यांच्या आईबापांना दंडवत, आमच्याकडं सर्व क्षेम असे, सर्व जण सुखरूप असे, कोणी काळजी करू नये. हे गिरणीवाल्याला! कामाची गोष्ट पुन्हा कडेला गेली, आडवी, आणि कधी कधी राहूनच गेली. मी समजावलं, सेठनं समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. सेठ भला माणूस होता, त्यानं पुष्कळ दिवस निभावून घेतलं. शेवटी एका मोठ्या सौद्याचं पत्र खुशालीतच संपलं तेव्हा त्यानं हात जोडले. तातेराव उठला. दौत-टाक मात्र मागून घेतली.

मग तो नामदेवांच्या नरसीला, जिथं सिंधू उतरली नव्हती त्याच दुकानाच्या ओट्यावर, यात्रेकरूंची पत्रं लिहायला बसू लागला. यात्रेकरूंना तो आवडायचा. लांबलचक मायना ऐकून म्हाताऱ्या डोळे पुसायच्या. पत्रातून काय कळवायचं होतं ते त्यात असायचंच असं नाही. मंजुळाबाई पुन्हा हसली नाही. गादी तिनं उसवली आणि कापूस उन्हात टाकून दिला. साखऱ्याशी येणंजाणं तुटलं. भांडण कोणी केलं नाही, पण ज्ञानबाला वाटायचं आपण पोर मारली आणि तातेरावाला वाटायचं आपण. दोघंही एकमेकांना तोंड दाखवेनात.

अठ्ठेचाळीस साल उजाडलं. निजामी राज्याची शेवटची धामधूम, जो तो जीव मुठीत धरून. त्यातच मंजुळाबाईला ताप आला आणि या खेपेला तो उतरला नाही. मी अडतीतून धावत गेलो. ती गेली होती. तातेराव ओसरीत बसून कार्ड लिहीत होता, ज्ञानबाला. मी वाकून बघितलं. वर श्री. त्याखाली राजमान्य राजश्री. त्याखाली खुशाली.

"तातेराव," मी म्हणालो, "हे दुखाचं कार्ड हाय. दुखाच्या कार्डावर श्री नसतो."

"ठावं हाय मला."

"मग काहून काढला?"

"बिनश्रीचं कार्ड आता माझ्या हातून जायचं न्हाई," तो म्हणाला. आणि लिहीत राहिला. मंजुळाबाईचं जाणं त्यानं लिहिलं, नाही असं नाही. कडेला लिहिलं, आडवं.

मी ते कार्ड हिसकून घेऊन दुसरं लिहायला हवं होतं, असं लोक मला म्हणतात. ज्यांना म्हणायचं आहे त्यांनी तो चेहरा बघायला हवा होता.

दिवस झाले. साखऱ्याहून कोणी आलं नाही. दहाव्यालाही नाही, तेराव्यालाही नाही. तातेराव प्रत्येक गाडीच्या आवाजाला मान वर करायचा. मी म्हणालो, धामधूम आहे, रस्ते धड नाहीत.

महिन्याभरानं ज्ञानबा आला. पाच वर्षांत पहिल्यांदा. बरोबर भुजंग. मी तिथंच ओसरीत होतो. म्हाताऱ्याच्या अंगावर धुतलेला अंगरखा, काखेत कापडात गुंडाळलेलं काहीतरी. दारातच त्याचे डोळे भरले. म्हणाला, "इवाई, तुमचं कार्ड भेटलं. पटवारी गाव सोडून वऱ्हाडात पळालाय, वाचून दावायला कोणी न्हाई. पन म्या वर श्री पाहिला. म्हनलं, इवायानं माफ केलं आपल्याला. देवळीत ठिवलंय कार्ड, रोज हात जोडतो."

मग त्यानं काखेतलं कापड सोडलं. आत हिरवं लुगडं होतं. ते हातात धरून घराच्या आत बघत तो मोठ्यानं म्हणाला, "इहीनबाई, पानी आना. म्या आलोय."

आत कोणी नव्हतं. भुजंगला माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं. त्यानं बापाचा हात धरला. ज्ञानबाला काही समजेना, तो हसतच उभा.

तातेराव उठला. त्याच्याजवळ गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं कामाची गोष्ट आधी सांगितली.

"मंजुळा गेली."

आणि म्हाताऱ्याच्या हातातलं लुगडं घेऊन त्यानं ते नीट घडी करून खाली ठेवलं.